अर्धवट आठवणारा सिनेमा

लहानपणी पाहिलेल्या एखाद्या सिनेमाचं नाव जातं, नट जातात, गोष्टही जाते. एखादा प्रसंग तेवढा उरतो. तो सिनेमा कसा शोधलात, सापडला का, सापडल्यावर आठवणीतल्यासारखाच निघाला का, ते लिहा. सुरुवात मी करते.

एक मुलगा आणि त्याच्या मागेमागे फिरणारा फुगा. शेवटी खूप फुगे मिळून त्याला उचलून नेतात. सिनेमा कृष्णधवल होता याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, म्हणून कितीतरी वर्षं कृष्णधवल सिनेमांच्याच याद्या चाळल्या. शेवटी एका मैत्रिणीला सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, "अगं, तो 'द रेड बलून'!" आल्बेर लामोरिसचा, १९५६चा, जेमतेम ३४ मिनिटांचा आणि चक्क रंगीत. कृष्णधवल होता तो आमचा टीव्ही. परवा पुन्हा पाहिला. करड्या पॅरिसमध्ये तो लालभडक फुगा खिडकीबाहेर तरंगत थांबतो, तिथे पॉज करून बराच वेळ बघत बसले. इतकी वर्षं माझा फुगा राखाडी होता! मुलाचे संवादही मला 'आठवत' होते. सिनेमात बोलणं जवळजवळ नाहीच.

*

वाळवंटात पडलेल्या विमानाच्या तुकड्यांतून माणसं नवं विमान बांधतात, आणि निळ्या फ्रॉकमधली मुलगी विहिरीत डोकावते, एवढं मला आठवायचं. दोन्ही एकत्र टाकून शोधलं की काहीच हाती लागायचं नाही. भाऊ म्हणाला, "मुलगी सोड, नुसतं विमान शोध." लगेच सापडला, पण चेहरे जुळेनात. तो २००४चा रीमेक निघाला. माझा होता १९६५चा 'द फ्लाइट ऑफ द फिनिक्स', जेम्स स्ट्युअर्टचा. विहिरीतली मुलगी कुठल्या सिनेमातली, ते अजून शोधतोय.

*

बाबा एक धून शिटीवर वाजवायचे. "फाटक्या बुटांचे सैनिक चालत येतात," एवढंच सांगायचे. गूगलवर गुणगुणून गाणं शोधायची सोय २०२० मध्ये आली, तेव्हा मुलीने त्यांच्यासमोर फोन धरला. उत्तर आलं 'कर्नल बोगी मार्च', १९१४ची धून, म्हणजे सिनेमाच्या कितीतरी आधीची. तिथून 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) गाठायला पाच मिनिटं लागली. त्या प्रसंगाला बाबांनी पडद्याबरोबर शिटी वाजवली. एक सूरही चुकला नाही.

*

माझा सापडलेला नाही आणि मनात धाकधूक आहे. सिंबाद या विनोदी नटाने जिनीचं काम केलेला नव्वदच्या दशकातला सिनेमा पाहिल्याचं कितीतरी लोक शपथेवर सांगतात, पण असा सिनेमा कधी निघालाच नाही. १९९६चा 'कझाम' आहे, त्यात जिनी झालाय शकील ओनील. माझंही तसंच असेल का? तरी लिहिते: रात्रीची रेल्वे, डब्यात एकटी बाई. ती डाव्या हातातला मोजा एकेक बोट सोडवत काढते. बोटावर अंगठीचा पांढरा वळ आहे, अंगठी नाही. समोरची सीट रिकामी, पण तिच्यावर पुरुषाची हॅट ठेवलेली. हे कुणी पाहिलंय का?