सॅम्युएल कार्टर हॉल: 'आर्ट जर्नल'चे १८४९ आधीचे अंक कुठे?

हिरवीशाई: हॉलवर टिपण लिहितेय. तो 'आर्ट जर्नल' या लंडनच्या कलामासिकाचा चाळीसेक वर्षं संपादक होता म्हणतात, पण त्या नावाने शोधलं की १८४९च्या मागचं काही येतच नाही. आणि तो मालक होता की पगारी संपादक?

दगडछाप: नाव बदललंय. फेब्रुवारी १८३९मध्ये मासिक निघालं ते 'आर्ट-युनियन' या नावाने, त्यामुळे तेच टाकून शोधा. सोबत 'आर्ट युनियन ऑफ लंडन'चे अहवालही येतील, ते बाजूला काढा. ती वर्गणीदारांना सोडतीने चित्रं वाटणारी वेगळी संस्था.

मालकीचं म्हणाल तर दोन्ही. मासिक काढलं हॉजसन अँड ग्रेव्ह्ज या छापचित्रं विकणाऱ्यांनी. थोड्याच काळात मुख्य हिस्सा हॉलकडे आला, पण नफा काही होईना. १८४८मध्ये प्रकाशक जॉर्ज व्हर्च्यू आला, पुढच्या वर्षी नाव बदललं. हॉल १८८०पर्यंत संपादक राहिला.

जुनाकागद: बांधीव खंड घेणार असाल तर आधी चित्रं मोजा. मजकुरातली लाकडी ठशांची चित्रं अक्षरांच्या खिळ्यांसोबतच (म्हणजे टाइपांसोबत) छापली जात, ती जागच्या जागी असतात. पोलादी पत्र्यावर कोरलेली मात्र वेगळ्या कागदावर छापून मध्ये शिवलेली. चौकटीत लावायला लोक नेमकी तीच कापून नेतात. शिवणीशी कागदाची अरुंद पट्टी उरलेली दिसली की समजा. १८४९पासूनच्या खंडांत व्हर्नन संग्रहातली (रॉबर्ट व्हर्ननने देशाला दिलेल्या ब्रिटिश चित्रांवरून कोरलेली) चित्रं आहेत का ते खास बघा.

हिरवीशाई: मोठं काम कोणतं मानायचं?

दगडछाप: माझ्या मते बनावट 'जुन्या उस्तादां'विरुद्धची, म्हणजे जुन्या थोर युरोपीय चित्रकारांच्या नावावर खपवलेल्या नकली चित्रांविरुद्धची मोहीम. राफाएल, टिशियन म्हणून खपणारा माल लंडनमध्येच तयार होतो, हे त्याने जकातखात्याचे आकडे छापून दाखवलं. अशा चित्रांची गिऱ्हाइकं कमी झाली, आणि हयात इंग्रज चित्रकारांना फायदा झाला. प्री-राफाएलाइट मंडळींना (त्या काळच्या बंडखोर तरुण इंग्रज चित्रकारांच्या गटाला) मात्र तो ओळखू शकला नाही, उलट विरोधच केला. तेही टिपणात येऊ द्या.

जुनाकागद: १८८३चं त्याचं आत्मचरित्र वापराल, पण ते ऐंशी उलटल्यावरचं आहे. तारखा अंकांशी ताडून घ्या. ॲना मरिया हॉल, म्हणजे त्याची बायको, स्वतः कादंबरीकार होती. आयर्लंडवरचं मोठं पुस्तक दोघांचं मिळून आहे, ते एकट्याच्या नावावर टाकू नका.