रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र तसाच

"सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी चक्कर आणि धडधड" हे तुमचं वाचलं आणि माझीच जुनी फाइल डोळ्यांसमोर आली. मलाही 'टेन्शन घेऊ नका' हेच औषध मिळालं होतं. (त्यानेच टेन्शन वाढतं, असो.)

एक करून बघा. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी मोजून लिहून ठेवा. शेजारी कुणीतरी असू द्या. बीपी न पडता नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर मोठ्या माणसांत 'पॉट्स'चा (उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याचा त्रास) विचार करतात. झोपवून काढलेल्या ईसीजीत हे दिसत नाही. माझ्या वहीत आठवडाभर ७२ वरून ११४ च्या आसपास आकडे होते. ते बघून डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासलंय का? हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. आणि केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी सांगा, आकडे चुकू शकतात.

छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र वही-बिही राहू द्या, थेट इमर्जन्सी गाठा.