चिकचिक घालवायची तर पंखा वाढवू नका

ह्यूस्टनच्या घरात सेंट्रल एसी चालू असून थर्मोस्टॅट ७४ फॅरेनहाइट दाखवतो तरी अंग चिकचिकतं, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर एसीच्या पंख्याचा वेग वाढवायचा सल्ला आलाय. कृपया तसं करू नका. कॉइलवरून, म्हणजे एसीतल्या हवा गार करणाऱ्या थंड नळ्यांवरून, हवा जितकी भरभर जाते, तितकी कॉइल कमी थंड राहते आणि हवेतलं पाणी कमी सुटतं.

आधी फुकटातलं काम करा: थर्मोस्टॅटवर फॅन 'ऑन' असेल तर 'ऑटो'वर टाका. 'ऑन'वर काँप्रेसर थांबल्यावरही पंखा फिरतो आणि कॉइलवरचं, ट्रेमधलं पाणी पुन्हा घरभर पसरवतो.

मग ब्लोअर, म्हणजे घरभर हवा ढकलणारा तोच पंखा. नेहमीचा हिशोब एसीच्या क्षमतेच्या दर टनामागे ४०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), दमट भागात ३५०. म्हणजे तुमच्या ३ टनांना १२०० ऐवजी १०५०. व्हेरिएबल स्पीड (वेग बदलता येणारा) ब्लोअर असेल तर बऱ्याच युनिटांत कंट्रोल बोर्डावर इवल्याशा डिप स्विचांची रांग दिसते. कोणता स्विच कशाचा, याचा तक्ता बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. त्यातच 'कम्फर्ट' प्रोफाइल सापडेल: सुरुवातीची काही मिनिटं पंखा हळू, मग पूर्ण वेगात. तुमच्याकडे तेच हवं. पण ब्रेकर पाडल्याशिवाय हात घालू नका, आणि आधीच्या स्थितीचा फोटो काढून ठेवा.

टनामागे ३५०च्या फार खाली उतरलात तर कॉइलवर बर्फ धरेल. फिल्टर तुंबलेला असेल तरी तेच होतं, म्हणून तो आजच बघा. मॉडेल नंबर टाका, तक्ता मिळून वाचू.