मदत हवी आहे: तांदळात पुन्हा पोरकिडे झालेत

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. मे महिन्यात मार्केट यार्डातून वर्षाचा ३० किलो आंबेमोहोर आणला. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरांत घातला, चार बिब्बे फडक्यात बांधून ठेवले. पाऊस सुरू झाला आणि काल डबा उघडला तर पोरकिडे! सुपात घेतले तर दाण्यांना टाचणीने पाडावीत तशी भोकं, बोटांना पांढरी भुकटी.

चाळून वरचे किडे जातात, पण मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडं घालते, त्यामुळे पुन्हा होतातच. उन्हात घातले तर तांदळाचा चुरा होतो, आणि सध्या पुण्यात ऊन आहे कुठे? दोन किलो चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवले, ते अजून छान आहेत. बाकीचे कुठे मावणार?

बोरिक पावडर कृपया सुचवू नका. दीड वर्षाची नात आहे, तिचा मऊ भात याच तांदळाचा होतो.

डाळींना मी एरंडेल चोळते, त्या टिकतात. तांदळाला कुणी लावलंय का? किलोला किती, आणि भाताला वास येतो का? आधीच कीड लागलेल्या तांदळाचं काय करता, तेही सांगा.