‘आवड’, ‘अभिरुची’ आणि ‘खरे टेक्नो’

विचारणा

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर मराठीत एक लेख लिहिताना दोन शब्दांपाशी माझे अडले आहे. हाउस, टेक्नो, ट्रान्स, ड्रम अँड बेस या साऱ्यांसाठी एकच सामान्यनाम हवे आहे. ते ‘प्रकार’, ‘शैली’ की ‘घराणे’? दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. मला ट्रान्स मनापासून आवडते आणि त्यातली हळूहळू चढत जाणारी सुरावट मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. तरीही हे सांगताच ‘ते खरे टेक्नो नव्हे’ असे ऐकवणारे श्रोते वारंवार भेटतात. त्या वाक्यात वर्गीकरण थोडे असते आणि ऐकणाऱ्याला त्याची पायरी दाखवणे अधिक असते. या वृत्तीला ‘उच्चभ्रूपणा’ म्हणावे का?

प्रतिसाद

‘उच्चभ्रू’ येथे बसणार नाही, असे माझे ठाम मत आहे. रूढ मराठीत हा शब्द पैसा आणि सामाजिक स्थान सुचवतो. ‘उच्चभ्रू वस्ती’ म्हणताना तेथील रहिवाशांचे कान किती तयार आहेत, हा विचार कोणाच्याही मनात नसतो. या संगीताचा उगम तर समाजाच्या दुसऱ्याच टोकाला आहे. ‘हाउस’ हे नाव शिकागोतील ‘वेअरहाउस’ या क्लबवरून आले असे सामान्यतः मानले जाते. १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्या क्लबात फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवत आणि तेथे नाचायला येणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी तरुणांचा भरणा होता. त्या परंपरेचा अभिमान बाळगून आज जे इतरांच्या आवडीवर नाक मुरडतात, त्यांना गर्व असतो तो जाणतेपणाचा, श्रीमंतीचा त्यात काहीच भाग नसतो.

त्यापेक्षा ‘शिष्ट’ हा शब्द जवळचा आहे. ‘शिष्टाचार’ आणि ‘शिष्टमंडळ’ यांत त्याचा मूळचा अर्थ, म्हणजे संस्कारित, शाबूत आहे. ‘तो फार शिष्ट आहे’ म्हणताना मात्र आपण आढ्यतेबद्दल बोलतो. हा अर्थापकर्ष, म्हणजे चांगल्या अर्थाची ही घसरण, मला या चर्चेत फार बोलका वाटतो, कारण संगीतातही एक नाव जवळजवळ याच वाटेने गेले. १९९२ मध्ये इंग्लंडमधील वॉर्प या कंपनीने ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ नावाचा संग्रह काढला. नाचण्यापेक्षा बसून ऐकण्यासाठी केलेले संगीत, अशी त्यामागची भूमिका होती. पुढे अशा संगीताला ‘इंटेलिजंट डान्स म्युझिक’ हे नाव चिकटले. बुद्धिमान नृत्यसंगीत म्हटले की उरलेले नृत्यसंगीत न बोलताच निर्बुद्ध ठरते, आणि म्हणूनच ज्यांच्या संगीताला हे नाव लावले गेले त्यांच्यातल्याही अनेकांना ते रुचले नाही. ‘ईडीएम’चे, म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक’ या नावाचे, नेमके उलट झाले. अक्षरशः पाहिले तर त्यात सारेच इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत यायला हवे. परंतु २०१० च्या सुमारास अमेरिकेत हे नाव भव्य महोत्सवांतील संगीतासाठी रूढ झाले. तेव्हापासून त्याचा अर्थसंकोच होऊन जाणत्यांच्या तोंडी ते ‘गल्लाभरू’ या शब्दासारखेच वापरले जाते.

आपल्या दुसऱ्या अडचणीचे मूळ मला ‘आवड’ आणि ‘अभिरुची’ यांच्यातील फरकात दिसते. ‘अभिरुचीहीन’ आणि ‘अभिरुचीसंपन्न’ हे शब्द आपण सहज वापरतो, पण ‘आवडहीन’ असे कोणी म्हणत नाही. अभिरुची घडवावी लागते, त्यामुळे तिच्यात उच्चनीच येते. आवड ज्याची त्याला असते. आपली आवड हीच अभिरुची आहे, असे जेव्हा कोणी दुसऱ्याला बजावतो तेव्हा आपण म्हणता ती वृत्ती जन्माला येते. तिच्यासाठी मी ‘रुचिदंभ’ हा समास सुचवतो.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

‘रुचिदंभ’ पटला. मग ही नावेच सोडून दिली आणि ‘नृत्यसंगीत’ एवढेच म्हटले, तर दंभाला जागाच उरणार नाही, असे मला वाटू लागले आहे. ‘घराणे’ या शब्दाबद्दल मात्र आपण काहीच लिहिले नाही.

प्रतिसाद

‘घराणे’ मी टाळीन. त्यात गुरुशिष्यपरंपरा आणि तालीम गृहीत आहे. हे संगीत बरेचसे तबकड्या ऐकून आणि यंत्रे हाताळून शिकले गेले. ‘शैली’ हा शब्द एकेका कलावंताच्या मांडणीसाठी राखून ठेवावा. ‘प्रकार’ साधा आहे, आणि त्याला दर्जाचा वास नाही.

नावे सोडून द्यावीत हे मात्र मला मान्य नाही. १९९४ च्या ब्रिटिश कायद्याने उघड्यावरील रेव्ह, म्हणजे रात्री चालणारे नृत्यमेळावे, थांबवण्याचे अधिकार पोलिसांना देताना संगीताची व्याख्या करून ठेवली. पुनरावृत्त ठोक्यांची मालिका हे ज्याचे सर्वस्वी किंवा मुख्य लक्षण आहे, असे ध्वनीही तिने संगीतात धरले. ज्याला फरक ऐकूच येत नाही त्याची ही भाषा आहे. ‘जंगल’ नावाचा संगीतप्रकार आणि ट्रान्स यांना वेगळी नावे देणारा श्रोता निदान दोन्हींकडे कान देऊन बसलेला असतो.

नावांच्या सीमा मात्र पवित्र मानू नयेत. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांचे डेट्रॉइटमधील संगीत १९८८ मध्ये एका संग्रहातून ब्रिटनमध्ये पोहोचले. त्या संग्रहाच्या मथळ्यात आधी ‘हाउस’ हा शब्द योजला होता, नंतर त्या जागी ‘टेक्नो’ आला. दोन्हींत बहुधा प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा ठोका असतो, आणि मिनिटाला १२५ ठोक्यांची रचना दोन्हींकडे सापडते. न्यूयॉर्कच्या ‘पॅराडाइज गॅरेज’ क्लबवरून आलेले ‘गॅरेज’ हे नाव तर लंडनला पोहोचून तुटक ठेक्याच्या निराळ्याच संगीताला लागले.

म्हणून ‘ते खरे टेक्नो नव्हे’ या वाक्यातील ‘खरे’ हा शब्द मी लेखात अवतरणचिन्हांत ठेवीन. ‘ते टेक्नो नव्हे, ट्रान्स आहे’ हे विधान बरोबर की चूक हे कानांनी ठरवता येते. ‘खरे’ आले की ते विधान ऐकणाऱ्या माणसाबद्दलचे होते, आणि त्याचा तपास कोणत्याही ठेक्यात लागत नाही. आपल्या ट्रान्सप्रेमासाठी ‘आवड’ हाच शब्द वापरावा, आणि त्याआधी ‘केवळ’ लावू नये.