मदत हवी आहे: खुर्चीत बसताना मांडीचा कुठला स्नायू काम करतो? (उद्या पेपर)

गोदातीर: लवकर सांगा. गुडघा वाकवतो तो मागचा, हॅमस्ट्रिंग. सरळ करतो तो पुढचा, क्वाड्रिसेप्स. इथवर पाठ आहे. पण जुन्या पेपरच्या उत्तरात बसताना क्वाड्रिसेप्स दिलंय! गुडघा तर वाकतोय ना? छपाईची चूक का? गुगल कर म्हणू नका, केलंय.

सातपूरकर: पेपर कसला? फिजिओचा की योगशिक्षकाचा?

गोदातीर: बी.पी.एड. त्याने काय फरक पडतो?

मालतीकाकू: तिळाचं तेल कोमट करून चोळ. माझ्या पोटरीत रात्री गोळा यायचा, त्यानेच थांबला.

गोदातीर: काकू, मला काहीही दुखत नाहीये.

बैठकवाला: उत्तर चुकलेलंच आहे. अर्धं आयुष्य तालमीत गेलंय माझं. बैठक मारताना खाली गेलं की मागची मांडी ताणते. हॅमस्ट्रिंग लिहून मोकळा हो.

म्हसरूळची फिजिओ: अहो, थांबा जरा. माणूस उभा आहे की पालथा झोपलाय? प्रश्न पूर्ण टाक.

गोदातीर: 'उभ्या स्थितीतून सावकाश खुर्चीत बसताना'. शीर्षकात आहे की.

म्हसरूळची फिजिओ: 'सावकाश' कुठे होतं? उत्तर बरोबर आहे. बसताना गुडघा वाकतो तो शरीराच्या वजनाने. धपकन पडू नये म्हणून पुढची मांडी ब्रेक लावते, म्हणजे ताण धरून हळूहळू लांब होत जाते. हे एक्सेंट्रिक काम. उठताना तोच स्नायू आखूड होतो, ते कॉन्सेंट्रिक. पालथं झोपून टाच वर उचललीस तर मात्र हॅमस्ट्रिंग. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. त्यामुळे वजन कुठे खेचतंय ते आधी बघायचं.

बैठकवाला: मग माझी मागची मांडी ताणते ती उगाच?

म्हसरूळची फिजिओ: उगाच नाही. बैठकीत खुबाही वाकतो आणि तिथला ब्रेक नितंबाचा मोठा स्नायू नि हॅमस्ट्रिंग लावतात. पण प्रश्न गुडघ्याचा आहे.

पायवाट: पांडवलेणीच्या पायऱ्या उतरून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते लॅक्टिक ॲसिडमुळे ना? आमचे जिमवाले तेच सांगतात.

म्हसरूळची फिजिओ: सांगू देत. ते तास-दीड तासात ओसरतं. उतरताना पुढची मांडी सतत ब्रेक लावते, सवय नसली की तंतूंना बारीक इजा होते. दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त.

सातपूरकर: पांडवलेणीला रविवारी गाडी लावायला जागा मिळते का?

पायवाट: उजाडायच्या आत पोहोचा.

बैठकवाला: पोरा, क्वाड्रिसेप्सच्या चारही भागांची नावं लिही: रेक्टस फेमोरिस, व्हॅस्टस लॅटरॅलिस, मेडिॲलिस, इंटरमिडियस. खुब्यावरून जातो तो फक्त रेक्टस.

गोदातीर: दोनच मार्कांना आहे हो. अजून एक: डंबेल सावकाश खाली आणताना कोपर सरळ होतं, म्हणजे दंडाचा मागचा, ट्रायसेप्स?

म्हसरूळची फिजिओ: डंबेल खाली कोण खेचतंय?

गोदातीर: वजन. मग पुढचा, बायसेप्स?

म्हसरूळची फिजिओ: हो. झोप आता.

मालतीकाकू: बैठका काढून बघणार असशील तर तेल लागेलच.