मार्शल योजनेने कम्युनिझम अडवला, की फक्त सरकारं टिकवली?

सह्यकडा:
५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्डला भाषण करून युरोपला मदत देऊ केली. १९४८ पासूनच्या चारेक वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर गेले, बहुतांश परतफेडीशिवाय. आपल्याकडे यावर दोनच सूर लागतात: 'केवढं औदार्य' किंवा 'डॉलरचा साम्राज्यवाद'. मला दोन्ही अपुरे वाटतात. मदत कम्युनिझम रोखण्यासाठीच होती आणि ती यशस्वी झाली, पण रकमेपेक्षा पद्धतीमुळे. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला अमेरिकन ट्रॅक्टर फुकट मिळत नसे. अमेरिकन कारखानदाराचे डॉलर वॉशिंग्टन चुकते करायचं आणि शेतकऱ्याचे फ्रँक शेवटी फ्रेंच सरकारच्या वेगळ्या खात्यात जमा व्हायचे. त्या फ्रँकमधून वीज, कोळसा, रेल्वे यांत गुंतवणूक झाली. उपाशी देशाला नुसतं धान्य देऊन हे झालं नसतं.

शिवारातला माणूस:
पद्धत छान होती, मान्य. पण कम्युनिझम रोखला म्हणता, तो कुठे? इटलीचे आकडे बघा. १९४६ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाला १९ टक्के मतं होती. मदत पोचली, कारखाने सुरू झाले, आणि १९५३ मध्ये तीच मतं साडेबावीस टक्क्यांच्या वर गेली. १९७६ मध्ये ३४! फ्रान्समध्येही १९५१ साली चारातला एक मतदार कम्युनिस्टांसोबतच होता. पोट भरलं की माणूस लाल झेंडा खाली ठेवतो, हे गृहीतकच मला कामगारांचा अपमान करणारं वाटतं. त्यांना भाकरीइतकाच कारखान्यातला अधिकार हवा होता.

अनुराधा:
@शिवारातला माणूस, त्यात १८ एप्रिल १९४८ ची इटलीची निवडणूकही जोडा. कम्युनिस्ट जिंकले तर मदत बंद, असं मार्शल यांनी महिनाभर आधी जाहीरपणे बजावलं होतं. शिवाय सीआयएने गुपचूप पैसा ओतला. ख्रिश्चन डेमोक्रॅट्सना ४८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. ज्या मतदाराच्या घरात गहूच नाही, त्याला असं सांगणं म्हणजे मत विकत घेणंच. मला यात लोकशाहीचं रक्षण दिसत नाही.

सह्यकडा:
अनुराधाताई, सीआयएच्या पैशाचं समर्थन मी करणार नाही, ते चूकच होतं. पण दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं? जुलै १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने या मदतीसाठीच्या पॅरिसच्या बैठकीचं आमंत्रण स्वीकारलं होतं. त्या सरकारचा पंतप्रधान स्वतः कम्युनिस्ट. स्टालिनने त्यांना मॉस्कोला बोलावलं आणि होकार मागे घ्यायला लावला. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये सत्ता पूर्णपणे कम्युनिस्टांच्या हातात गेली. इटलीत मदतीवरून धमकी मिळाली तरी ३१ टक्के लोकांनी डाव्या आघाडीला मत दिलं आणि कम्युनिस्ट पक्ष पुढे चाळीस वर्षं संसदेत बसला. प्रागमध्ये विरोधकांना ती सोय उरली नाही. मतांची टक्केवारी वाढली म्हणून योजना फसली असं मी म्हणणार नाही. सरकारं कोसळली नाहीत, आणि विरोधकही जिवंत राहिले.

दर्यावर्दी:
तुम्ही सगळे युरोपातच अडकलात. हीच मदत हॉलंडलाही मिळत होती आणि डिसेंबर १९४८ मध्ये डच फौजांनी आपल्या जुन्या वसाहतीत, इंडोनेशियात, योग्यकर्तावर हल्ला करून तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नो आणि हत्ता यांना पकडलं. नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली ती याच रागातून. अमेरिकेने इंडोनेशियातल्या डच प्रशासनाच्या वाट्याची मदत थांबवली, हॉलंडची चालूच ठेवली. पुढे डचांवर दबाव वाढवला, हे खरं. पण त्याआधी सप्टेंबरमध्ये मादियुनचं कम्युनिस्ट बंड सुकार्नोंच्या सरकारने मोडून दाखवलं होतं. वॉशिंग्टनचं मन वळायला ते मोठं कारण ठरलं. आशियातल्या माणसाला आधी आपण लाल नाही हे सिद्ध करावं लागलं, मग त्याचं स्वातंत्र्य मोजलं गेलं. मला याची चीड येते.

शिवारातला माणूस:
@दर्यावर्दी, अगदी. आणि युगोस्लाव्हिया? टिटो पक्का कम्युनिस्ट. १९४८ मध्ये स्टालिनशी फाटलं, आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकेचा पैसा सुरू. म्हणजे रोखायचं होतं ते मॉस्कोला.

सह्यकडा:
हो, मॉस्कोलाच. आणि टिटोला मदत देणं मला या सगळ्यातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. ग्रीसमध्ये १९४७ पासून अमेरिकी शस्त्रं आणि पैसा ओतूनही कम्युनिस्ट बंडखोरांशी चाललेली यादवी संपत नव्हती. जुलै १९४९ मध्ये टिटोने सीमा बंद केली, बंडखोरांचा युगोस्लाव्हियातला आसरा तुटला आणि काही आठवड्यांत ती संपली. दर्यावर्दी, इंडोनेशियाबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. हॉलंडची मदत पहिल्याच दिवशी थांबायला हवी होती.

अनुराधा:
मग दक्षिण व्हिएतनामचं काय? तिथेही अमेरिकी आयातीतून स्थानिक चलन उभं करायची जवळपास हीच पद्धत होती. सरकार करवसुलीऐवजी त्या पैशावरच जगायला शिकलं आणि १९७५ मध्ये कोसळलं. पद्धतीला श्रेय देताना याचं उत्तर द्या.